सोळा कोरांना जागे करताना

वनिता,

तुझी चिप आली. तू गेल्यानंतर नवव्या दिवशी ती वाडीतल्या तुझ्या कार्यालयात पोचली. तळहातात मावेल एवढ्या डबीत चौदा नमुने. निकाल मी शेवटी सांगेन. तू नेहमी उत्तर आधी सांगायचीस आणि मी रीत आधी मागायचो. आज बोलणारा मी एकटाच असल्यामुळे क्रम माझा राहील.

महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांनी स्मरणिकेसाठी तुझ्याविषयी लिहून मागितले आहे. जन्म, शिक्षण, पदे, सन्मान हे सारे त्यांच्याकडे आहे. माझ्याकडे फक्त आपला एक वाद आहे. तो तू असताना मिटला नाही. तुझी पद्धत टिकते की नाही, एवढाच तो वाद होता, आणि वाडीतल्या नऊ माणसांचे काम त्यावर अवलंबून होते. तो मी गेल्या आठवड्यात संपवला. विरोधी पक्ष हजर नसताना संपवलेला वाद मला आवडत नाही. पण दुसरा मार्ग तू ठेवला नाहीस.

आपली पहिली खडाजंगी तिसऱ्या वर्षाच्या वर्गात झाली. मी फळ्यावर लिहिले होते की मोटर पूर्ण भारावर चालवावी. अर्ध्या भारावर ती वीज वाया घालवते. मागच्या बाकावरून तू उभी राहिलीस.

“सर, धानाच्या रोवणीत एका बाईले पळवत नाहीत. आठ बाया लावतात, सगळ्या आपापल्या चालीनं जातात. आठ जणींचं काम एकीकडून धावत करून घेतलं तर ती दुपारपर्यंत पडते. मशीनचं तसं नसते का?”

वर्ग हसला. मी म्हणालो, “हा वर्ग विद्युत यंत्रांचा आहे. शेतीचा वर्ग कृषी महाविद्यालयात भरतो. बसा.”

तू बसलीस आणि वहीत काही लिहिलेस. काय लिहिलेस ते मला बारा वर्षांनी कळले. बंगलोरची नोकरी सोडून तू नागपूरला परत आली होतीस आणि वाडीत, अमरावती रस्त्यावरच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामावर, आठ जणांना घेऊन प्रोसेसरची रचना करीत होतीस. तू माझ्या घरी आलीस, दारातच उभी राहिलीस आणि म्हणालीस, “सर, तुम्ही मले बसवलं होतं. आता उठून बोलू का?”

मी म्हणालो, “बोला.”

त्या दिवशी वहीत लिहिलेलेच तू बोललीस. जे वाचक या विषयातले नाहीत त्यांच्यासाठी ते येथे थोडक्यात लिहितो. तुला कंटाळा येईल. संगणकाच्या प्रोसेसरमध्ये गणित करणारी स्वतंत्र केंद्रे असतात, त्यांना कोर म्हणतात; तुझ्या चिपमध्ये असे सोळा होते. कोरचा वेग निम्मा केला की त्याला लागणारा विजेचा दाबही उतरवता येतो, आणि खर्च होणारी ऊर्जा दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. म्हणून एक कोर धापा टाकत पळवण्यापेक्षा दोन कोर चालत नेले, तर तेच काम तेवढ्याच वेळात होते आणि वीज बरीच वाचते. रोवणीच्या आठ बायांचा प्रश्न बरोबर होता. तो चुकीच्या वर्गात विचारला गेला नव्हता. वर्ग चुकीच्या माणसाकडे होता. हे मी तुला त्या दिवशी सांगितले नाही. मी फक्त म्हणालो, “तुमचे कार्यालय केव्हा पाहता येईल?”

कार्यालय मी पाहिले. खाली ट्रक मागे घेण्याचे आवाज, वर दोन मोठे कूलर आणि त्यांच्या झोतात बसलेले तुम्ही नऊ जण. वातानुकूलन का नाही, असे मी विचारले. तू म्हणालीस, “आपली चिप गावच्या शाळेत, दवाखान्यात, सौर पॅनेलवर चालणार आहे सर. तिथं कोणी एसी लावून नाही देणार. वाडीच्या मे महिन्यात जी टिकली नाही ती चिपच नाही.” ही शिस्त मला पटली. तेही मी बोललो नाही.

मग तू पहिल्या रचनेची उघडी चिप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलीस आणि बाजूला झालीस.

शिकवायला लागण्याआधीची कित्येक वर्षे मी एक लाख बत्तीस हजार व्होल्टच्या वाहिन्यांखाली काढली. कोणत्या तारेपासून किती अंतरावर थांबायचे ते माझ्या पायांना कळते. येथे दाब एका व्होल्टपेक्षाही कमी होता. प्रवाह किती, असे विचारल्यावर तू जो आकडा सांगितलास तो वेल्डिंगच्या यंत्राचा होता. मी म्हणालो, आकडा तपासा. तू म्हणालीस, “तपासला सर. पहिल्यांदा मलाही खरा नव्हता वाटला.” करंगळीच्या नखाएवढ्या जागेत अब्जावधी स्विच, आणि ते एका सेकंदात अब्जावधी वेळा उघडझाप करतात. रस्ते होते, चौक होते, वस्त्यांसारखे चौकोन होते, आणि ते सगळे माणसाने, म्हणजे तू, आधी मनात पाहिले होते. मी खुर्ची मागितली.

“चक्कर आली का सर?”

“नाही. बसून पाहायचे आहे.”

किती वेळ पाहिले ते आठवत नाही. नंतर मी विचारले, “हे सगळे स्विच एकदम लावले तर?”

“जळते. म्हणून बहुतेक वेळ बहुतेक भाग अंधारात ठेवायचा. कोणता, केव्हा आणि किती वेळ, तेवढंच माझं काम आहे.”

“म्हणजे भारनियमन.”

“हो सर. पण ज्याची लाईट गेली त्याले समजतही नाही, असं भारनियमन.”

असे भारनियमन मी चाळीस वर्षांच्या कामात कधी पाहिले नव्हते. ज्या भागात वीज आहे तेथेच काम होते, एवढे मला ठाऊक होते. जेथे वीज नाही तेथेही रचना असू शकते, अंधारसुद्धा आखून ठेवता येतो, हे मी वयाच्या सत्तराव्या वर्षी शिकलो, आणि ते शिकवणारी माझ्या मागच्या बाकावरची होती.

काम न करणारा कोरही थोडी वीज पितच राहतो. नळ बंद केल्यावर थेंब पडत राहावेत तशी ती गळते. गळतीवर तुझा जो राग होता तो मी माणसांवरही कोणाचा पाहिला नाही. कोर रिकामा झाला की त्याचा पुरवठाच तोडायचा, त्याला पूर्ण झोपवायचे आणि काम आले की उठवायचे, अशी तुझी रचना होती. झोपवणे उत्तम जमले. उठवणे फसले.

पहिली चिप गुणाकार चुकवत असे. असंख्य वेळा बरोबर, आणि मग एकदा चूक. तुम्ही कित्येक आठवडे प्रोग्रॅममध्ये दोष शोधलात. शेवटी एका दुपारी तू आलेखाचे कागद घेऊन माझ्याकडे आलीस. ज्या कोरने गुणाकार चुकवला तो निर्दोष होता. त्याच क्षणी त्याच्या आजूबाजूचे दहा-बारा कोर झोपेतून एकदम उठले होते. सगळ्यांनी एकदम वीज ओढली, दाब क्षणभर खचला, आणि मध्ये बसून इमानाने गणित करणाऱ्याचा हातचा सुटला.

मी आलेखातली ती दरी पाहिली आणि म्हणालो, “हे मी पाहिले आहे.”

शिकवायला लागण्यापूर्वी मी एका ग्रामीण उपकेंद्रावर होतो. शेतकऱ्यांनी पंपांना ऑटो स्विच लावले होते. वीज आली की पंप आपोआप सुरू होई, मालकाला शेतात यावे लागत नसे. प्रत्येकाच्या दृष्टीने ते शहाणपणाचे होते. परिणाम असा की मी वाहिनी चालू केली की शंभर पंप एका क्षणी उठत आणि वाहिनी पुन्हा बंद पडे. तुझ्या आलेखात तेच शंभर पंप होते.

तू कागदाकडे पाहत राहिलीस. मग म्हणालीस, “आमच्या घरी आहे सर ऑटो. दहावीत असताना मीच लावून दिला होता बाबांले.”

आपण दोघेही हसलो नाही. तुझ्या गटातले सगळे जण भारनियमनात वाढलेले होते. वीज आली की ताबडतोब सुरू व्हायचे, ती पुन्हा जाण्याच्या आत काम उरकून घ्यायचे, ही घाई तुमच्या हाडात होती. तीच तुम्ही सोळा कोरांना शिकवली होती, आणि म्हणूनच ती तुमच्यापैकी कोणालाही दिसली नाही.

तू तेथूनच कुहीजवळच्या तुझ्या गावी वडिलांना फोन लावलास. फोनचा आवाज मोठा होता.

“बाबा, पंपाचा ऑटो चालू आहे का?”

“कोणता ऑटो? थो त कधीचाच काढून फेकला वं बाई. सगळ्यायनंच फेकले. दोनदा डीपी जळली ना गावची.”

“मग लाईट आली का सगळे एकदम नाही लावत?”

“एकदम काहून लावतीन? बल्ब पाहतो ना वावरातल्या खोपडीतला. पिवळा दिसला त थांबतो, पांढरा झाला का बटन दाबतो.”

“नंबर कोण ठरवते?”

“नंबर कायचा? ज्याचा त्याले दिसते ना.”

तू फोन ठेवलास आणि माझ्याकडे पाहिलेस. त्या पाहण्याचा अर्थ मला लगेच कळला. मी म्हणालो, “नाही.”

“मी काही बोललीच नाही सर.”

“बोलणार आहात. नाही.”

माझे म्हणणे साधे होते आणि आजही मला ते साधेच वाटते. वीज ज्याच्या हातात आहे त्यानेच क्रम ठरवावा. एक, मग ठराविक अंतर, मग दुसरा, मग ठराविक अंतर. सोळा कोर, सोळा पायऱ्या. तू म्हणालीस की त्यात वेळ जातो, आणि जो वेळ जातो त्यात जागे झालेले कोर बाकीच्यांची वाट पाहत वीज पीत बसतात. तुला प्रत्येक कोरला त्याचा स्वतःचा बल्ब द्यायचा होता: दाब मोजणारा एक सूक्ष्म संवेदक. दाब खचलेला दिसला तर कोर थांबेल, सावरलेला दिसला तर उठेल. वरून हुकूम नाही. “सगळ्यांनी वर पाहून वाट काहून पाहावी सर? दाब तर प्रत्येकाले समजते.”

पुढच्या रविवारी तू मला गावी नेलेस. तुझे वडील बांधावर उभे होते. त्यांनी खाट टाकली आणि तुला म्हणाले, “काय वं, सरले चहा सांगितला का? का नुसतं उन्हात फिरवून राहिली?” मग मला म्हणाले, “लोकायले मी सांगतो सर, पोरगी लाईट वाचवते. त लोक म्हणतात, मग आमची काहून जाते?”

दुपारी वीज आली. पंपांजवळच्या अकरा खोपड्यांतले, म्हणजे शेतातल्या झोपड्यांतले, अकरा बल्ब आधी मंद पिवळे पेटले. जवळचा एक पंप सुरू झाला. बल्ब आणखी पिवळे झाले. कोणी हलले नाही. मग ते उजळले आणि दूरवर दुसरा पंप लागला. मग तिसरा. कोणी कोणाला हाक मारली नाही. फक्त शेजारच्या खोपडीत एक म्हातारा बसूनच होता. तुझे वडील ओरडले, “अगा रामाजी, दाब ना गा बटन!”

“दम धर ना गा. बिडी त पेटू दे.”

मी तुझ्या वडिलांना विचारले, “समजा, सगळ्यांना एकाच क्षणी बल्ब पांढरा दिसला आणि सगळ्यांनी एकाच क्षणी बटन दाबले. मग?”

ते म्हणाले, “असं होत नाही सर.”

“का होत नाही?”

“सगळ्यायचा धीर सारखा नसते ना.”

तू खाटेवरून उठलीस आणि बांधावरून चालत दूर गेलीस. परत आलीस तेव्हा तुझ्याकडे उत्तर होते: प्रत्येक कोरला बल्ब द्यायचा आणि प्रत्येकाला वेगळा धीरही द्यायचा. बल्ब उजळल्यावर कोणी लगेच उठेल, कोणी थोडे मोजून, कोणी आणखी मोजून. ज्या कोरला सर्वांत जास्त धीर मिळाला त्याला तुमच्या गटात रामाजी म्हणू लागले, आणि हे रामाजींना कळल्यावर त्यांनी विचारले की त्याच्यात बिडी कोण पेटवते.

अकरा पंप कोणाच्याही हुकमाशिवाय चालू झालेले मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. परतताना गाडीत तू गप्प होतीस, मी बोलावे म्हणून. मी म्हणालो की अकरा पंप म्हणजे सोळा कोर नव्हेत, आणि माणूस जेथे सेकंदात चुकतो तेथे कोर सेकंदाच्या अब्जाव्या भागात चुकतो. तू खिडकीतून बाहेर पाहिलेस. मी चूक बोललो नव्हतो. मी अपुरे बोललो होतो.

दुसऱ्या चिपची रचना पूर्ण झाली तेव्हा बाहेरचा परीक्षक म्हणून ती तू माझ्याकडे पाठवलीस. कारखान्यात गेलेली चिप पुन्हा खोडता येत नाही. पहिली फसली होती; दुसरीही फसली तर गट विसर्जित होणार, हे सर्वांना माहीत होते. मी तीन पाने हरकती लिहिल्या आणि खाली लिहिले: अमान्य. तुझे उत्तर एका ओळीचे आले. “सर, पूर्ण वाचले.” आणि तू रचना कारखान्यात पाठवून दिलीस.

त्या वेळी तुझा आजार तुला ठाऊक होता. मला नव्हता.

ही गोष्ट मी पुष्कळदा उलटसुलट करून पाहिली आहे. ठाऊक असते तर मी काय लिहिले असते? तेच लिहिले असते. पण तीन पानांऐवजी समोर येऊन बोललो असतो.

शेवटचा तुझ्याकडे आलो तेव्हा खोलीत कूलर चालू होता आणि तू दोन उशांना टेकून बसली होतीस. मी उन्हाविषयी बोललो. तू ते बोलणे पूर्ण होऊ दिलेस. मग म्हणालीस, “सर, अजून अमान्यच का?”

“हो.”

“काहून?”

“जे मोजलेले नाही ते मी मान्य करीत नाही.”

“मग मोजा,” तू म्हणालीस. “मले त जमणार नाही आता.”

तू हे हसत म्हणालीस. उठताना तुझ्या पायांवरची चादर सरकली होती, ती नीट केली. बाहेर आल्यावर चप्पल उलट्या पायांत घातल्याचे जिन्यात लक्षात आले. मी तुझ्याशी खोटे बोललो असतो तर तुला ते तेव्हाच कळले असते, आणि मग मी तुझ्याजवळ उगाच आलो असे झाले असते. असे मी स्वतःला सांगतो. ते पुरत नाही.

म्हणून मोजले. वाडीला मी एकोणीस दिवस गेलो. तुझी सहकारी कांचन चाचणीचे पाहते. पहिल्या दिवशी पहिला प्रोब, म्हणजे मोजणीची सुई, मी जोडला. चिपमधला एक कोर गुणाकार करीत ठेवला आणि बाकीचे पंधरा झोपवले. मग त्या पंधरांना एकाच वेळी हाक दिली.

दाबाचा आलेख काढणाऱ्या ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर पहिल्या चिपची ती दरी जेथे होती, तेथे मी पाहत होतो. दरी नव्हती. दाबाची रेषा इतकी कमी हलली की मी कांचनला प्रोब निसटला आहे का ते पाहायला सांगितले.

“निसटला नाही सर.”

“मग कोर उठले नसतील.”

“उठले न सर. सगळेच्या सगळे उठले. पहा, कामालेही लागले.”

प्रवाहाची रेषा मी मोठी करून पाहिली. एक कोर उठला, दाब किंचित दबला, बाकीचे थांबले, दाब सावरला, दोन उठले, पुन्हा थांबले. पुढच्या वेळी क्रम वेगळा होता. त्याच्या पुढच्या वेळी आणखी वेगळा. पंधरा जण, कोणाचाही हुकूम नाही, आणि हे सगळे एवढ्या वेळात की तेवढ्यात माझ्या डोळ्याची पापणी हललीसुद्धा नसती. मधला कोर गुणाकार करीत होता. त्याला शेजारी कोणी उठल्याचे कळलेही नाही.

वनिता, मी धार्मिक माणूस नाही. मी उभा राहिलो. खुर्चीत बसून ते पाहणे मला जमेना.

नंतर मी जे जे सुचेल ते केले. चिपला तापपेटीत भाजले, बर्फात ठेवले, पुरवठा मुद्दाम डळमळीत केला, खाली ट्रक मागे येताना जमीन हादरते तेव्हाही मोजले. चौदाही नमुने तपासले. माझ्या तीन पानांतला प्रत्येक मुद्दा समोर ठेवून ती चूक घडवून आणण्याचा प्रयत्न केला. एकही गुणाकार चुकला नाही. तुझे वडील एकदा येऊन गेले. पडद्याकडे बघून म्हणाले, “यात माही पोरगी कुठं आहे सर?” मी ती रेषा दाखवली. त्यांनी तिला हात लावला आणि पडदा धोतराच्या टोकाने पुसला.

एकोणिसाव्या दिवशी कांचन म्हणाली, “सर, एक सांगायचं राहिलं आहे. मॅडमनं निकाल येईपर्यंत सांगू नका म्हटलं होतं.”

तिने चिपचा नकाशा उघडला. एका कोपऱ्यात एक लहान चौकोन होता. रचनेच्या फायलीत तू त्याला नाव दिले होतेस: हरकत. संवेदकांनी दगा दिला तर तो चौकोन कारभार हाती घेणार होता आणि सोळाही कोरांना ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या अंतराने उठवणार होता. माझी तीन पाने. तू ती चिपमध्ये कोरून ठेवली होतीस.

“मॅडम म्हणत, सर हो म्हणणार नाहीत. पण सर उगाच नाहीही म्हणत नाहीत. म्हणून त्यांचं म्हणणं आत बसवून ठेवू.”

मी म्हणालो, “चालवा.”

चालवले. पडद्यावर जिना उमटला. सारख्या उंचीच्या पायऱ्या, मी दुसऱ्या पानावर लिहिले होते तेवढेच अंतर. पण क्रम माझा नव्हता. मी शेजारचे दोन कोर पाठोपाठ उठवायला सांगितले होते. ती चूक होती, लिहिताना माझ्या लक्षात आली नव्हती. तू क्रम बदलून एकाआड एक केला होतास आणि मला एका शब्दानेही कळवले नव्हते. माझा मुद्दा तू माझ्यापेक्षा नीट मांडला होतास. तरीही तो तुझ्या पद्धतीहून कितीतरी हळू होता, आणि जागे झालेले कोर वाट पाहत वीज पीत होते, तू सांगितले होतेस तसेच.

मग कांचनने उष्णता दाखवणारा कॅमेरा लावला आणि सबंध चिप झोपवली. सगळा तुकडा काळा झाला. एक कोपरा तेवढा राखाडी राहिला. संकटकाळी धावून येणारी व्यवस्था झोपवता येत नाही; म्हणून तो चौकोन कायम जागा होता आणि कायम गळत होता. थेंबाथेंबासाठी आयुष्यभर भांडलीस, आणि ही एक गळती तू माझ्यासाठी स्वतःच्या हाताने ठेवलीस. मी तो कोपरा बराच वेळ पाहिला. सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा चिप पाहिली तेव्हाही मी स्वतःला एवढा लहान वाटलो नव्हतो.

परीक्षकाचा कागद समोर होता. मी लिहिले: मोजले. मान्य. सही केली, तारीख घातली.

कांचनने विचारले, “पुढच्या आवृत्तीत या चौकोनाचं काय करायचं सर?”

“एकोणीस दिवसांत तो किती वेळा लागला?”

“तुम्ही चालवा म्हणालात तेव्हा. तसा एकदाही नाही.”

“मग काढा.”

“सर, मॅडमनं तुमच्यासाठी ठेवला होता तो.”

“म्हणूनच मी सांगतो आहे. तो गळतो. काढा.”

तिने रचनेची फाईल उघडली आणि त्या चौकोनाच्या तुझ्या ओळी एकेक करून पुसायला लागली. ओळी पुष्कळ होत्या. शेवटची जाईपर्यंत मी उभा होतो.